खालचं चौल, सावकाश

रेवदंड्याच्या किल्ल्यात शिरायला तिकीट लागत नाही. अलिबागहून मुरुडकडे जाणारी एसटी चौल मागे टाकून थोडी पुढे आली, की रस्ता एका जाड काळ्या तटाला भिडतो, तटात पाडलेल्या वाटेतून आत घुसतो, आणि खिडकीला डोकं टेकून डुलक्या घेणाऱ्याला आपण सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज शहरात आलो याचा पत्ताही लागत नाही. कंडक्टर नेहमीच्या सुरात "रेवदंडा, रेवदंडा" म्हणतो. उतरलं की समोर वडापावची गाडी, मोबाईल रिचार्जचं दुकान, सुकट घेऊन बसलेली कोळीण आणि चारी बाजूंना नारळी-पोफळी. मग शहर कुठंय?

शहर पोफळीत आहे. पणजीला फोंतेन्यात रंगवलेल्या भिंतींसमोर फोटो काढायला माणसं ताटकळत उभी असतात. पाँडिचेरीच्या फ्रेंच वस्तीत पिवळ्या घरांवरून हात फिरवत दिवस घालवणारे मराठी पाहुणे मी पाहिले आहेत, मीही त्यांतलाच. इथे त्या दोन्हींपेक्षा जुनं युरोपीय शहर आहे, आणि रांग फक्त रेशनच्या दुकानासमोर. म्हणून म्हटलं, एक दिवस याच शहराला द्यावा. तोही परदेशी पाहुणा देतो तसा: सकाळी हिंडायला निघायचं, दमलं की बसायचं, कुणी बोलावलं तर आत जायचं, आणि 'अजून हे राहिलं' असं म्हणत धावायचं नाही.

मुंबईकरांना वाट सोपी. गेटवेवरून लाँच, तासाभरात मांडवा, तिथून बसने अलिबाग. पुढे एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर मिनीडोर. अलिबाग ते रेवदंडा हा सतरा-अठरा किलोमीटरचा पट्टा म्हणजे अष्टागराचा गाभा. आक्षी, नागाव, चौल अशी गावं एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून बसली आहेत. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे लागतं ते दुकानांच्या पाट्यांवरूनच कळतं. आक्षीला शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२चा मराठी शिलालेख सापडला. मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता या वादात त्याचं नाव अग्रभागी असतं. हा दगड वर्षानुवर्षं रस्त्याकडेला उन्हापावसात पडून होता. या किनाऱ्यावर इतिहास इतका आहे की लोकांना त्याचं अप्रूप उरलेलं नाही. ही तक्रार नाही. मला त्यांचा तो निवांतपणा आवडतो. फक्त दगडावर छप्पर हवं होतं एवढंच.

रेवदंडा म्हणजे जुन्या कागदांतलं खालचं चौल. वरचं चौल खाडीच्या आतल्या अंगाला, आज ज्याला आपण नुसतं चौल म्हणतो ते. ग्रीक दर्यावर्दी त्याला 'सेमुल्ला'सारख्या नावाने ओळखत, कान्हेरीच्या लेण्यांतल्या लेखांत ते 'चेमुल' आहे, अरबांच्या लेखी 'सैमूर'. अल मसूदी दहाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे येऊन गेला. म्हणजे पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी इथे काही बंदर शोधून काढलं नाही. हजार-दीड हजार वर्षं चालू असलेल्या बाजारात त्यांनी एक गाळा घेतला.

त्यांच्याही आधी एक रशियन आला होता. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात काळ्या दगडाचा एक स्तंभ आहे. अफानासी निकितिन नावाच्या त्वेर शहरच्या व्यापाऱ्याचं ते स्मारक. १४७०च्या सुमारास तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोचायला त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं होती. निकितिनने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. एकच. पुढे जुन्नरला तिथल्या खानाने तो घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देतो अशी अट घातली. बिचाऱ्याची त्यातून कशीबशी सुटका झाली. चौलबद्दल त्याने लिहिलं आहे ते वाचताना गंमत वाटते: लोक उघड्या अंगाने फिरतात, डोक्यावर काही घेत नाहीत, आणि मी जाईन तिथे गोरा माणूस बघायला गर्दी मागे लागते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७मध्ये त्याच्यावर सोव्हिएत भागीदारीत 'परदेसी' नावाचा चित्रपट काढला, त्यात नर्गिस होती. मी स्तंभापाशी गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. चार मुलं स्तंभाच्या चौथऱ्यावर बसून बोरं खात होती. "हा कोण?" मी विचारलं. "रशियाचा," एक म्हणाला. "घोडा घेऊन आलेला," दुसऱ्याने भर घातली, आणि बी थुंकली. इतिहासाच्या तासाला याहून जास्त काय हवं?

शाळेतून निघालो तो तटाच्या कडेकडेने. पोर्तुगिजांनी १५१६मध्ये इथे वखार घातली आणि १५२१ ते १५२४ या काळात बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने किल्ला बांधला. परवानगीमागे साधा हिशेब होता. अहमदनगरच्या सुलतानाला फौजेसाठी अरबी-इराणी घोडे हवे होते, आणि ते समुद्रावरून आणणारी गलबतं पोर्तुगिजांच्या मर्जीवर चालत. पुढे वस्ती वाढली तशी भिंत वाढत गेली, आणि शेवटी समुद्र, खाडी आणि जमीन अशा तिन्ही अंगांनी शहराला वेढणारा तट झाला. पूर्ण फेरी मारायची तर पाचेक किलोमीटर चालावं लागेल, असं म्हणतात. मी काही मारली नाही. जागोजागी तट कुणाच्या गोठ्याची मागची भिंत झालाय, कुठे त्याला टेकून लाकडं रचलीत, एके ठिकाणी त्याच्या कोनाड्यात तुळस. हात लावून बघितला. घडीव काळा दगड, मधे चुन्याचा जाड थर, आणि त्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे इतके स्वच्छ की नखाने उकरून काढावेत. समुद्राने दिलेला चुना, समुद्रालाच अडवायला.

आतल्या वास्तू बघायच्या तर वाड्यांतून जावं लागतं, आणि वाड्या खाजगी. पुरातत्त्व खात्याचे फलक आहेत, पण फलकामागे कुंपण, आणि कुंपणामागे कुत्रा. मी एका फाटकाशी घुटमळत होतो तर आतून आवाज आला, "या या, बांधलाय त्याला." पडवीत सुपाऱ्या सोलत बसलेल्या आजी होत्या. अडकित्ता न थांबवता म्हणाल्या, "पडकं चर्च बघायचंय ना? विहिरीच्या डाव्या अंगाने जा. पाट तेवढा तुडवू नका, आत्ताच पाणी सोडलंय."

पाट ओलांडला. पोफळीच्या सरळसोट खोडांमधून वाट, खाली कुजलेल्या झावळ्यांचा मऊ थर, वर उन्हाचे कवडसे. आणि एकदम समोर तीन माणसं उंचीची कमान. तिच्या पलीकडे छत नाही. जिथे वेदी असावी तिथल्या घुमटीचा अर्धा भाग तेवढा उरलाय, त्यावर दगडात कोरलेल्या चौकटी अजून तीक्ष्ण आहेत. डोमिनिकन पंथाच्या साधूंचं हे चर्च आणि मठ असावं. मिरीचा वेल एका पोफळीवर चढवलेला, शेजारी अळू, आणि जिथे भाविक गुडघे टेकत असतील तिथे नारळाची रोपं तयार करायला न सोललेले नारळ अर्धे मातीत पुरून ठेवलेले. परत आलो तर आजींनी पाणी दिलं, गूळ दिला. "ह्या भिंतीचा काही त्रास?" मी विचारलं. "त्रास कसला? उलट वारा अडतो. वादळात आमची झाडं राहिली, पलीकडची गेली." २०२०च्या निसर्ग वादळाबद्दल बोलत होत्या. ३ जूनला ते अलिबागच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर येऊन आदळलं होतं. नारळ-पोफळी ज्याची गेली त्याचं दहा वर्षांचं उत्पन्न गेलं. पोफळ लावल्या दिवशी सुपारी देत नाही. आजींच्या बोलण्यात साधूंचा उल्लेख एकदाही आला नाही. भिंत मात्र घरच्या माणसासारखी आली.

सातखणी बुरुज लपत नाही. गावात कुठूनही मान वर केली की तो दिसतो. फ्रान्सिस्कन साधूंच्या चर्चचा, संत बार्बराच्या नावाचा हा मनोरा एके काळी सात मजली होता. आता चार राहिलेत, तरी उंची शंभर फुटांच्या घरात जाते. खाली उभं राहून वर बघताना पहिली गोष्ट लक्षात येते ती खिडक्या. प्रत्येक मजल्यावर चारी बाजूंना खिडकी, आणि आत मजलेच नाहीत, त्यामुळे एका खिडकीतून आत पाहिलं की समोरच्या खिडकीतून पलीकडचं आकाश दिसतं. पोपट या बाजूने शिरतात, त्या बाजूने निघतात. वडाचं एक मूळ तिसऱ्या मजल्याच्या सांध्यातून निघून थेट खाली उतरलंय. पायथ्याशी गवतात तोफा पडल्यात. एकीवर कुणीतरी धुतलेलं पायपुसणं वाळत टाकलं होतं. काढून फोटो घ्यावा की तसाच, याचा थोडा वेळ विचार केला आणि तसाच घेतला.

या मनोऱ्याने मोठा वेढा पाहिलाय. तालिकोटच्या लढाईनंतर पाच-सहा वर्षांनी दख्खनच्या सुलतानांनी पोर्तुगिजांना किनाऱ्यावरून हुसकायचा घाट घातला. आदिलशहा गोव्यावर गेला, मुर्तजा निजामशहा चौलवर आला. १५७०च्या अखेरीपासून १५७१च्या पावसाळ्यापर्यंत सात-आठ महिने निजामशाही तोफा या तटावर चालत राहिल्या. गाव पडलं नाही. का पडलं नाही याचं एक कारण फरिश्ता हा इतिहासकार देतो: निजामशाही सरदारांना पोर्तुगीज चोरून नजराणे पाठवत, आणि त्यांत उंची दारू असे, त्या मोबदल्यात वेढ्यातल्या शहराला रसद मिळत राही. पराभवाला दारूचं निमित्त देणं इतिहासकारांना सोपं पडतं हे खरं. पण तटाकडे पाहिलं, आणि समुद्राची बाजू कायम मोकळी होती हे ध्यानात घेतलं, की वाटतं दारूशिवायही काम झालंच असतं.

मनोऱ्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. पुळण काळपट, सुरूची झाडं, आणि तटाचा पाण्याकडचा भाग लाटांनी पोखरलेला. तिथे एका नारळवाल्याकडे शहाळं घेतलं आणि बसलो. राल्फ फिच आठवला. हा इंग्रज व्यापारी १५८३मध्ये होर्मुझला पकडला गेला आणि कैदी म्हणून गोव्याला नेताना त्याची नौका चौलला लागली. इथल्या बाजारातलं रेशीम, मसाले, चंदन, हस्तिदंत हे सगळं त्याने टिपलं. पण खुलून लिहिलं ते नारळाच्या झाडावर. पाणी याचं, तेल याचं, दारू याची, दोर याचे, घर शाकारायला पानं याचीच. जगात याहून लाभाचं झाड नाही असा त्याचा निर्वाळा. कैदेत असलेल्या माणसाला एवढं निरीक्षण सुचावं, म्हणजे व्यापारी पक्का. आज त्याने सांगितलेल्या यादीतलं रेशीम नाही, हस्तिदंत नाही, चंदन नाही. झाड आहे, आणि शहाळ्याचा भाव ऐकला तर फिच आणखी दोन ओळी लिहील.

रेशमाचं काय झालं, हा प्रश्न मला त्या पुळणीवर बसून जास्त महत्त्वाचा वाटला. किल्ले पडले की शहरं मरतात असं आपण शाळेत शिकतो. रेवदंडा तसं मेलं नाही. संभाजी महाराजांनी १६८३मध्ये त्याला वेढा घातला, तो त्याने सोसला. पण त्याआधी, १६६१मध्ये, एक लग्न ठरलं होतं. पोर्तुगालच्या कॅथरीनबरोबर मुंबई बेट आंदण म्हणून इंग्लंडच्या राजाकडे गेलं, आणि १६६८मध्ये राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. कंपनीने वसाहत उभारायला घेतली तेव्हा चौलचे रेशीम विणकर बोलावून नेले, त्यांना राहायला घरं बांधून दिली. एका पिढीत माग गेले, माग गेले तसे दलाल गेले, दलाल गेले तशी गलबतं. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४०च्या तहात चौल-रेवदंडा मराठ्यांकडे आलं, तेव्हा हातात आला तो तट. शहर त्याच्या आधीच खाडी ओलांडून उत्तरेला निघून गेलं होतं. मराठ्यांनी काही उजाड केलं असं समजणारे गोव्यात आणि इथेही भेटतात. पण उजाड करायला मुळात काही भरलेलं असावं लागतं. उरलेली जागा मोकळी, कुसाच्या आत, वाऱ्यापासून सुरक्षित आणि जवळ गोडं पाणी. वाडी लावायला याहून चांगली जमीन कुठली? चर्चच्या दगडांची घरं झाली, आणि चौकांतून पाट वाहू लागले. मला यात दुःख वाटत नाही. युरोपातल्या जुन्या वस्त्या हल्ली कॉफी आणि स्मरणवस्तूंवर जगतात. ही सुपारीवर जगते.

भूक लागली तेव्हा एक वाजून गेला होता. रस्त्याकडेच्या एका घरगुती खानावळीत वालाचं बिरडं, तळलेले बोंबील, भाकरी, सोलकढी आणि पांढरा कांदा. अलिबागचा पांढरा कांदा म्हणजे तिखट नसलेला, चावताना गोडसर. २०२२मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तेव्हापासून तो वेण्यांच्या माळांमध्ये रस्त्याकडेला लटकलेला दिसतो, भाव चढवूनच. खानावळवाल्या ताईंनी विचारलं, "रात्री थांबताय का? पोपटी आहे." मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे घालून मडकं उलटं करून वर पेटवलेला जाळ. थंडीत या किनाऱ्यावर प्रत्येक वाडीत एक तरी रात्र त्यासाठी राखून ठेवलेली असते. मोह झाला. पण कोर्लई राहिली असती.

दुपारी वरच्या चौलला धावती भेट दिली. रामेश्वराच्या देवळापुढची पुष्करणी हिरव्या पाण्याने काठोकाठ होती. सभामंडपात जमिनीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा. दत्ताच्या टेकडीकडे नुसतं खालून पाहिलं. मार्गशीर्षातल्या जत्रेत तिथे पाऊल ठेवायला जागा नसते, आणि आज पायऱ्यांवर फक्त एक माकड होतं. परतताना रेवदंड्यात बेथ एल सिनेगॉगच्या बंद दारापाशी थांबलो. बेने इस्रायली लोकांचं हे प्रार्थनास्थळ १८४२चं. त्यांच्या परंपरेप्रमाणे पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि वाचलेली मंडळी कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. समोरचे दुकानदार काका म्हणाले, "येतात अजून. हिवाळ्यात. म्हाताऱ्या असतात, मराठी आमच्यापेक्षा चांगलं बोलतात, आणि नातवंडांना पाणीपुरी खायला घालतात."

साडेतीनला मिनीडोर धरला. कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव. टेकडीवर बिर्लांनी बांधलेलं गणपतीचं पांढरं मंदिर, पायथ्याशी पोलादाचा कारखाना, आणि पुढे रस्ता समुद्राच्या इतका जवळून जातो की भरतीला पाणी टायरला लागेल असं वाटतं. कोर्लई गावातून किल्ल्याच्या डोंगरापर्यंत चालत जाता येतं. वाटेत बोटी ओढून ठेवलेल्या, बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, आणि पुढे १९५५चं दीपगृह. तिथून पायऱ्या चढल्या की वर एक अरुंद, लांबट कणा. दोन्ही बाजूंना पाणी. पोर्तुगीज या डोंगराला नुसतं 'मोरो' म्हणत. निजामशाहीने १५९४मध्ये इथे गढी उभारायला घेतली, कारण इथून तोफ डागली की समोरचं रेवदंडा टप्प्यात. पोर्तुगिजांनी त्याच वर्षी ती हिसकून घेतली आणि मग स्वतःच पक्की केली. एकामागून एक दरवाजे, मधे एक बिनछपराचं चॅपेल, तुटक्या तोफा, आणि एका दगडावर अजून वाचता येईल असं राजचिन्ह.

वरून खाडीचं तोंड पूर्ण दिसतं. ओहोटी होती. पाण्यात डोल जाळ्यांचे खुंट रांगेने उभे होते, आणि प्रत्येक खुंटावर एकेक पाणकावळा पंख वाळवत बसलेला. मार्च १५०८मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या ममलुक सुलतानाचं आणि दीवच्या मलिक अय्याजचं आरमार पोर्तुगिजांवर चालून आलं. पोर्तुगिजांचा म्होरक्या लोरेंसो द अल्मेदा हा त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा, विशीतला. पळून जाता आलं असतं, पण त्याचं जहाज मासेमारीच्या खुंटांत अडकलं. पायाला गोळा लागल्यावर तो डोलकाठीच्या बुंध्याशी बसून हुकूम देत राहिला, दुसऱ्या गोळ्याने संपला. प्रेत मिळालं नाही. वर्षभरात बापाने दीवला सूड घेतला, आणि त्या लढाईनंतर हिंदी महासागराचे मालक बदलले. या सगळ्यात कोळ्यांचं कुणी काही लिहिलेलं नाही. पण जगातल्या पहिल्या नंबरच्या आरमाराचं एक जहाज अडकलं ते चौलच्या कोळ्यांच्या खुंटांत, आणि पाचशे वर्षांनी आरमार नाही, खुंट आहेत. माझ्याशेजारी एक कॉलेजचा मुलगा मोबाईल उंच धरून रील काढत होता. त्याला ही गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, "मग त्या खुंटाचं भाडं कोण भरणार?" मलाही सुचलं नाही.

कोर्लईत परत उतरलो तेव्हा सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात होता. वरच्या गावात, माउंट कार्मेलच्या चर्चच्या आसपास, ख्रिस्ती वस्ती आहे. १७४०मध्ये पोर्तुगीज अधिकारी आणि पैसेवाले गोव्याकडे निघून गेले. जायला ज्यांच्याकडे काही नव्हतं ते राहिले: शिपाई, नोकर, धर्मांतर केलेले गरीब शेतकरी. ते रेवदंड्यातून खाडीच्या या बाजूला आले, आपापसात लग्नं करत राहिले, आणि घरात बोलत राहिले ती पोर्तुगिजीतून घडलेली, मराठीशेजारी वाढलेली त्यांची बोली. स्वतः ते तिला 'नोऊ लिंग' म्हणतात. शब्द बरेचसे लिस्बनचे, पण क्रियापद मराठीसारखं शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. खाडीपलीकडे मी सकाळपासून दगड पाहत होतो. गव्हर्नर, बिशप, सातमजली मनोरे बांधणारे साधू, सगळ्यांचे दगड. त्यांच्यापैकी कुणाचाही आवाज उरला नाही. उरला तो त्यांच्या घोड्यांना चारा घालणाऱ्यांचा.

थांब्यावर दोन बायका बसल्या होत्या, पुढ्यात वांग्याची आणि टोमॅटोची टोपली. भांडत होत्या की नुसत्या बोलत होत्या कळत नव्हतं. कान देऊन ऐकलं. काहीही समजेना, आणि मग मधेच "ग्रामपंचायत" आलं, "पाइपलाइन" आलं, पुन्हा काही समजेना, आणि शेवटी "सरपंचच तसा" एवढं अगदी स्वच्छ. मला ऐकताना पाहून त्यातल्या एकीने सरळ मराठीत विचारलं, "एसटीला उभे का? ती गेली हो पाच मिनिटांपूर्वी." दुसरी म्हणाली, "मिनीडोर आहे ना. पण भरल्याशिवाय हलायचा नाही तो." ड्रायव्हर टपावर पाय टाकून बिडी ओढत होता. मला बघून त्याने तीन बोटं दाखवली. अजून तिघं हवे होते. मी आत जाऊन बसलो, दोघी टोपल्यांसह चढल्या, आणि सरपंचावरचं बोलणं, आता मला कळावं म्हणून मराठीत, पुढे सुरू झालं.